जुनं पैलू मशीन ओळखायचं कसं? बेळगाव-निपाणी भागातल्या नवशिक्यांसाठी

उद्यमबागेतल्या एका भंगार दुकानात पत्र्यांच्या ढिगाखाली मला एक मशीन दिसलं. वीतभर व्यासाची सपाट तबकडी, बाजूला उभा गोल खांब, खांबावर आडवा हात आणि हाताच्या मागच्या टोकाला एक छोटं दातेरी चक्र. दुकानातले मामा म्हणाले, "चष्म्याच्या काचा घासायचं हाय बघा ते. मोटर दमदार हाय, खरं बाकी सगळं भंगारच." उलटं होतं. मोटर जळून काळी पडली होती आणि मोल होतं ते सगळं त्या खांबात आणि चक्रात. ते खड्यांना पैलू पाडायचं मशीन होतं, म्हणजे फॅसेटिंग मशीन. मामांनी ते किलोच्या भावात तोललं. मी थोडे पैसे वर दिले, कारण वस्तू काय आहे हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.

आपल्या भागात या कामाची आवड वाढतेय याचा मला मनापासून आनंद आहे. आपण दख्खनच्या काळ्या कातळाच्या कडेवर राहतो. त्या कातळाच्या पोकळ्यांत अकीक आणि स्फटिक तयार होतात, गारगोटी तर शेताच्या बांधावर पायाला लागते. शहापुरात सराफकाम आहे, निपाणीच्या पलीकडे हुपरीत चांदीकाम आहे. पण खडा घासून आणायचा तर नजर जयपूरकडे जाते. नवं चांगलं परदेशी मशीन काही लाखांना पडतं, म्हणून बहुतेक जण जुन्याच्या शोधात निघतात आणि तिथेच फसतात. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि जिग बनवतात त्या विभागात, बरीच वर्षं काढल्यामुळे मला जे दिसतं ते पायरीपायरीने सांगतो. सगळ्याचं सार एकच: मोटर बघून मशीन घेऊ नका, कोन धरून ठेवणारा भाग बघून घ्या. मोटर उद्यमबागेत कधीही रिवाइंड करून मिळेल. घासलेला खांब आणि झिजलेलं चक्र दुरुस्त करून मिळणं कठीण.

पायरी पहिली: समोर आहे ते नक्की काय?

आधी जात ओळखा. फॅसेटिंग मशीनची तबकडी आडवी असते, ६ किंवा ८ इंची. तिला लॅप म्हणतात. भोवती पाणी अडवायला भांडं, वर थेंबथेंब पाणी सोडणारी डबी, आणि बाजूला मास्ट म्हणजे तो उभा खांब. मास्टवर वर-खाली सरकणाऱ्या भागाला एक नळीसारखा हात जोडलेला असतो, त्याला क्विल म्हणतात. क्विलच्या पुढच्या टोकात डॉप, म्हणजे खडा चिकटवायची पितळी काडी, बसते. मागे दातेरी चक्र, म्हणजे इंडेक्स गिअर. शिवाय कोन दाखवणारी अर्धगोल पट्टी किंवा डिजिटल आकडे.

मास्ट आहे पण गिअर नाही, आणि खांबावर खड्ड्याखड्ड्यांची लाकडी किंवा धातूची फळी आहे, तर ते जॅम पेग. खडा लावलेल्या काडीचं मागचं टोक हव्या त्या खड्ड्यात टेकवायचं, त्यावरून कोन ठरतो. श्रीलंकेत आणि आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे. हात बसलेल्या कारागिराकडून याच्यावर सुंदर काम होतं, पण एकट्याने शिकणाऱ्यासाठी ते फार अवघड. तिसरा प्रकार हातात धरायचा: गिअर असलेला दांडा हातात आणि तो टेकवायला वर-खाली होणारा छोटा ओटा. स्वस्त नवी मशीनं बहुतेक याच जातीची.

उभी चाकं एका आडव्या शाफ्टवर ओळीने बसवली असतील तर ते कॅबोशॉनचं, म्हणजे घुमटासारखे गोल खडे घासायचं मशीन. पैलू त्यावर पडत नाहीत. रबरी अस्तराचा डबा दोन रुळांवर फिरत असेल तर तो टंबलर. तेलाची टाकी, पोलादी पातं आणि दगड धरायचा सरकता शिकंजा असेल तर ती स्लॅब कापायची करवत.

आता आपल्या गावची खास अडचण. बेळगावात फौंड्र्या भरपूर. प्रत्येक मोठ्या फौंड्रीच्या लॅबमध्ये कास्टिंगचा तुकडा आरशासारखा घासून मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइट बघतात. त्यासाठी दोन तबकड्यांचं पॉलिशिंग मशीन असतं, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मेटलर्जी लॅबमध्येही असतं. लॅब बंद झाली, सामान लिलावात निघालं की हीच मशीनं "खडे घासायचं मशीन" म्हणून विकायला येतात. तबकडी ८ इंची, नळ आहे, भांडं आहे, सगळं जुळतं. फक्त मास्ट नाही आणि मास्ट बसवायला घट्ट बैठकही नाही. हे मशीन वाईट नाही. सपाट घासायला आणि चकतीवर घुमट पॉलिश करायला मी ते आनंदाने वापरेन, पण पॉलिशिंग मशीनच्याच भावात. त्याला पैलू मशीनचा भाव देऊ नका. घेतलंत तर जुनी कापडं आणि चिकटलेले कागद सगळे काढून फेका, त्यात आधीच्या कामाचा कण अडकलेला असतो.

हुपरीकडची बफिंग मोटर, चष्म्याच्या दुकानातलं काच घासायचं यंत्र आणि सुरतेची हिऱ्याची घंटी यांच्यातही गफलत होते. घंटीवरची सरण ही बिडाची जड तबकडी, ती तेल आणि हिऱ्याच्या पुडीवर खूप वेगात फिरते, पाण्यावर नाही. रंगीत खड्यांना तिचा उपयोग नाही.

पायरी दुसरी: नावाची पट्टी वाचा

मोटरवरची पट्टी पुसून फोटो काढा. अल्ट्रा टेक, फॅसेट्रॉन, ग्रेव्हज ही अमेरिकन नावं दिसली किंवा जपानी इमाहाशी दिसलं तर मशीन मुळात पैलूंसाठीच केलेलं आहे एवढं पक्कं झालं. चांगल्या स्थितीत आहे असा त्याचा अर्थ नाही.

मग व्होल्ट आणि हर्ट्‌झ. अमेरिकन मशीन ११० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचं असतं, आपला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. सरळ प्लगात घातलंत तर गेलं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. साधी इंडक्शन मोटर ५० हर्ट्‌झवर मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगानेच फिरते, १७२५ फेऱ्यांची सुमारे १४४० होते, आणि जास्त तापते. ब्रश असलेल्या किंवा डीसी मोटरला हर्ट्‌झचा त्रास होत नाही. पाव ते तृतीयांश हॉर्सपॉवरची आपल्या पुरवठ्याची मोटर बसवून घेणं हा माझ्या मते सगळ्यात सरळ मार्ग. वेग कमी-जास्त करता येणारी असावी, पॉलिशला तबकडी सावकाश फिरवावी लागते.

पायरी तिसरी: मास्ट, क्विल आणि गिअर

इथे घाई करू नका. विकणारा कंटाळला तरी चालेल. पिशवीत एवढं न्या: मॅग्नेटिक बेससकट डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं), काटकोन बघायला छोटा गुण्या, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), दहापट दाखवणारं भिंग, टॉर्च, मार्कर आणि डॉपच्या जागी बसेल अशी सरळ घासलेली सळई. डायल स्वतःचा नसेल तर ओळखीच्या टर्नरकडून एका दिवसासाठी मागून घ्या.

आधी नुसत्या हाताने. मास्ट घट्ट करा, क्विल मधल्या कोनावर ठेवा, डॉपचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली आणि आडवं हलवा. हलकीशी "टिक" जाणवली तर चाल, म्हणजे सांध्यात ढिलेपणा, आहे. कुठली चाल ते शोधा. क्विलच्या बेअरिंगची, हाताच्या बिजागरीची की मास्टवर सरकणाऱ्या बुशची, म्हणजे खांबाभोवतीच्या नळीसारख्या अस्तराची? डावा अंगठा एकेका सांध्यावर टेकवून उजव्या हाताने हलवलं की ज्या सांध्यात चाल आहे तो अंगठ्याखाली बोलतो. बेअरिंग बदलता येतं. बुशही नवा करता येतो. पण मास्टचा खांबच मधोमध घासून बारीक झाला असेल, वर आणि खाली घट्ट आणि मध्ये ढिला लागत असेल, तर मी ते मशीन सोडतो.

मग डायल. टोक सळईला टेकवा, गिअर एका दातात अडकवा आणि बोटाने हलका दाब द्या. काटा किती सरकतो आणि बोट काढल्यावर जागेवर परत येतो का, ते बघा. थोडा सरकून शून्यावर परत आला तर धातू लवतोय, ते ठीक. परत आला नाही तर चाल आहे. तबकडीच्या बैठकीवर डायल लावून ती हाताने एक फेरी फिरवा. माझा स्वतःचा दंडक असा की काठाशी ०.०२ मिलिमीटरच्या आसपास फरक असेल तर उत्तम, ०.०५ च्या वर गेला तर शाफ्ट किंवा बेअरिंगचा खर्च भावातून वजा. बेल्ट काढूनही फिरवा. वाळू दळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंगमध्ये पावडर गेलेली आहे.

कोनाची खात्री अशी. पट्टीवर ० ठेवलं की सळई तबकडीवर सरळ उभी राहायला हवी, गुण्या दोन बाजूंनी लावून बघा. ९० वर ठेवलं की सळई तबकडीला समांतर. ती जवळ आणून दोन्ही टोकांची फट फीलर गेजने मोजा. फटी सारख्या नसतील तर आधी बघा की पट्टी सरकवून दुरुस्त होते का. बऱ्याच मशीनना तशी सोय असते. मात्र हात मास्टभोवती फिरवताना फट बदलत गेली, तबकडीच्या मध्याजवळ एक आणि काठाजवळ दुसरी, तर मास्ट आणि तबकडी एकमेकांना काटकोनात नाहीत. बैठकीखाली शिम, म्हणजे पातळ पत्री, घालून ते जुळवता येतं, पण तासन्‌तासांचं काम आहे.

गिअर भिंगाखाली बघा. सर्वांत जास्त चालतो तो ९६ दातांचा, एक दात म्हणजे ३.७५ अंश. चौकोनी आणि अष्टकोनी नमुन्यांत १२, २४, ३६, ४८, ६०, ७२, ८४ आणि ९६ हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून झीज आधी तिथे दिसते. २४ चा दात आणि शेजारचा २५ चा दात एकत्र बघितलेत की फरक कळतो. चांगल्या दाताच्या कडा सरळ असतात, झिजलेल्याच्या गोलसर आणि चकचकीत. गिअर जागेवर अडकवणारा खटका दातात पूर्ण तळापर्यंत बसतो का, तेही बघा. ६४, ८० किंवा १२० चा जादा गिअर मिळाला तर घ्याच, कारण पाच पाकळ्यांचा नमुना ९६ वर बसत नाही, ८० वर बसतो.

विकणाऱ्याने परवानगी दिली आणि मोटर चालू असेल तर शेवटची परीक्षा प्रत्यक्ष घासून. बाटलीच्या जाड काचेचा तुकडा डॉपला लावून आणा. ४३ अंशावर, उंची न बदलता, ९६ वर एक पैलू पाडा आणि समोरासमोर ४८ वर दुसरा. दोन्ही सारखे रुंद यायला हवेत. आता एका पैलूवर मार्करची शाई लावा, पॉलिशची किंवा सर्वांत बारीक तबकडी चढवा, आणि तोच पैलू आधी तबकडीच्या आतल्या भागावर आणि मग काठाकडे जेमतेम टेकवा. शाई सगळीकडून सारखी उडाली तर मशीन खरं. एकाच कडेने उडाली आणि दुसरीकडे शाईची रेघ तशीच राहिली, तर कोन जागेनुसार बदलतोय. ती रेघ केसाएवढी बारीक असते, पण नंतर प्रत्येक खड्यावर ती तुम्हाला छळेल.

पायरी चौथी: काय काय गायब आहे?

पहिलं मशीन मी फोटो बघून दुसऱ्या गावाहून मागवलं होतं. खांब पुसून लख्ख केलेला, मोटर नवी. पेटी उघडली तेव्हा खडा एका डॉपवरून दुसऱ्यावर नेायची ट्रान्सफर जिग नव्हती, टेबल म्हणजे खड्याचा वरचा सपाट पैलू पाडायचा ४५ अंशांचा अडॅप्टर नव्हता, आणि डॉप दोनच. विचारलं तर "फोटोत जे होतं ते पाठवलं" असं उत्तर आलं, आणि ते खोटंही नव्हतं. आठ महिने ते मशीन तसंच पडून राहिलं. म्हणून आता भाव ठरवायच्या आधी मी सुट्या भागांची यादी करतो.

डॉप आपल्याकडे सहज होतात. पितळी रॉडमधून सपाट, शंकूच्या आणि इंग्रजी व्हीच्या आकाराच्या तोंडाचे डॉप कुठलाही नीट टर्नर काढून देईल, मात्र मापासाठी मूळ डॉप एक तरी हवा. ४५ चा अडॅप्टरही करता येतो. ट्रान्सफर जिग अवघड. खड्याची एक बाजू झाली की तो उलटा करून दुसऱ्या डॉपवर नेमका त्याच अक्षात चिकटवायचा असतो, आणि त्या दोन खाचा एका रेषेत नसल्या तर वरचे आणि खालचे पैलू कधीच जुळत नाहीत. ती चांगल्या टूलरूममध्ये ग्राइंड करूनच घ्या. गिअर गेलेला असेल तर डिव्हायडिंग हेडवर किंवा वायरकटवर होतो, पण खर्च आधी विचारून घ्या.

तबकड्यांचं मधलं भोक बहुतेक अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. तुमचा शाफ्ट वेगळा निघाला तर बाजारातली एकही तबकडी बसणार नाही, म्हणून व्हर्नियर लावाच. डायमंडच्या जुन्या तबकडीचा मधला भाग नखाला गुळगुळीत लागला की ती संपत आली. पॉलिशच्या जुन्या तांब्याच्या किंवा कथलाच्या तबकडीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. वर काय लिहिलंय ते सोडा, तिच्यात एखादा जाड कण रुतला असेल तर प्रत्येक पैलूवर ओरखडा येतो. लेथवर पातळ फेस मारून घेतली की ती पुन्हा नव्यासारखी. मऊ, करडी आणि जड तबकडी असेल तर तिच्यात शिसं असू शकतं. तिला हात लावल्यावर साबणाने धुवा, आणि घरात लहान मुलं असतील तर घेऊच नका.

पायरी पाचवी: करवत आणि चाकं

करवतीचं पातं टॉर्चच्या उजेडात कडेने बघा, वाटीसारखं वाकलेलं असेल तर ते गेलं. शिकंजा हलवून बघा, पुढे सरकवणारा स्क्रू फिरवून बघा. टाकीतल्या तेलाचा वास घ्या. काही जण स्वस्त पडतं म्हणून रॉकेल किंवा डिझेल घालतात. बंद झाकणाखाली त्याची वाफ आणि ठिणगी एकत्र आली तर घर पेटेल. तेल काढून टाका आणि टाकी पुसून नवं मिनरल ऑइल भरा.

कॅबोशॉन मशीनवर कार्बोरंडमची करडी किंवा हिरवी चाकं असतील तर ती पाण्यात अर्धी बुडून पडली होती का ते विचारा. बुडालेली बाजू पाणी पिऊन जड होते आणि चालू केल्यावर चाक थरथरतं. चाक काढून, वाळवून, भोकातून दोरीवर टांगून लाकडी मुठीने हळूच ठोका. घंटेसारखा खणखणीत नाद आला तर चांगलं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. ते फोडून टाका, कुणाला देऊ नका. डायमंडची चाकं असलेलं, उदाहरणार्थ डायमंड पॅसिफिकचं सहा चाकांचं जीनी, मिळालं तर ही भीती कमी.

पायरी सहावी: घरी आणल्यावर

अर्थिंग तपासा आणि या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. पाणी आणि वीज एका टेबलावर आहेत, यात तडजोड नको.

दुसरी गोष्ट धुळीची. गारगोटी, अकीक, स्फटिक म्हणजे सिलिका. तिची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. गुजरातमध्ये खंभातला अकीकचा धंदा जगभर नावाजलेला, आणि तिथल्या कारागिरांना झालेला सिलिकोसिसही तितकाच माहितीतला. कोरडा दगड कधीही घासू नका, "एवढंसंच आहे" म्हणूनही नाही. पाणी सुरू झाल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही. भांड्यातला गाळ ओला असतानाच काढून पुसून घ्या. तो वाळला की पुन्हा धूळच होतो.

आधी लाख वापरून एक साधा गारगोटीचा तुकडा डॉपला लावा. डॉप आणि दगड दोन्ही मेणबत्तीवर सावकाश तापवा, एकदम तापवलात तर दगड तडकतो. स्फटिकासाठी खालचे पैलू ४३ अंशांवर आणि वरचे ४२ वर ठेवा. स्फटिकाचा क्रांतिक कोन साधारण ४०.५ अंश आहे, त्याच्याखाली गेलात तर प्रकाश तळातून निसटतो आणि खडा मधोमध काचेच्या खिडकीसारखा दिसतो. पॉलिशला सेरियम ऑक्साइड वापरा, स्फटिकावर ते छान चालतं. पहिला खडा सोळा पैलूंचाच करा, सत्तावन्न पैलूंच्या मागे लगेच लागू नका.

त्या भंगारातल्या मशीनला मी नंतर डीसी मोटर बसवली, क्विलची दोन्ही बेअरिंग बदलली आणि ट्रान्सफर जिग ओळखीच्या टूलरूममध्ये करून घेतली. मास्टवर आजही दर रविवारी मशीन ऑइलचा एक थेंब सोडतो आणि सुती कापडाने पुसून घेतो. आपल्याकडे पावसाळ्यात चार दिवस हात लावला नाही तर पोलादी खांबावर गंजाचे ठिपके येतात, आणि ते एकदा खोल गेले की बुश त्यावरच घासत राहतो.